काळ्या चिकटपट्टीखालचा दिवा

माझ्या थोरल्या दिरांना दवाखान्यात सगळे 'शंकासुर' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. ते तिथलं नेटवर्क सांभाळत आणि मी केसपेपरच्या खिडकीवर बसे.

त्यांच्या खोलीत चार स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी एकत्र आणणारे डबे, एकावर एक रचलेले होते. प्रत्येकाला वायरी खोचायला चोवीस भोकं, म्हणजे पोर्ट. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी वायर जाऊन चौथ्यातून परत पहिल्यात येई. अशी कडी केली की मधला एखादा स्विच मेला तरी बाकीचे बोलत राहतात.

"स्विच एकमेकांना जोडायला शेवटचे चारच पोर्ट वापरा म्हणे," बसवताना भाऊजी पुस्तिका आपटत म्हणाले होते. "सगळ्या माल खपवायच्या युक्त्या!" काठावरची वायर कुणीही ओढेल, म्हणून चौथ्या स्विचची पहिल्याकडे परतणारी वायर त्यांनी चांगली आतल्या पोर्टात खोचली. वर काळी चिकटपट्टी.

दोन वर्षं काही झालं नाही. परवा सकाळी दुसरा स्विच जळला आणि तिसरा-चौथाही गप्प झाले. माझ्या खिडकीसकट दोन मजले बंद.

"कडी पूर्ण असताना हे होणंच शक्य नाही," भाऊजी म्हणाले. "कुणीतरी वायर ओढलीय. इथे माझ्याशिवाय येतं कोण? फरशी पुसणाऱ्या मावशी!"

तासाभरात तक्रार मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर गेली. मावशींना निरोप आला, उद्यापासून येऊ नका. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, असेलही.

मावशी रडल्या नाहीत. दारात येऊन म्हणाल्या, "साहेब, पुसताना मी रोज दिवे बघते. सगळ्या वायरींपाशी हिरवे लुकलुकतात. त्या काळ्या पट्टीखाली लागतो का हो?"

"तुम्ही मला शिकवू नका!"

मी मनात देवाचं नाव घेतलं नि म्हटलं, "भाऊजी, काढून तर बघा."

पट्टी निघता निघेना. दोन वर्षांत तिला कुणी हातच लावला नव्हता. खाली वायर घट्ट, पण दिवा विझलेला. भाऊजींनी बोटाने पोर्ट मोजले, पुन्हा मोजले. चालणारे एकवीस ते चोवीस, वायर विसाव्यात. कडी कधी जुळलीच नव्हती.

वायर चोविसाव्यात जाताच हिरवा दिवा लागला आणि बाहेर माझा प्रिंटर खडखडला.

भाऊजी खाली मानेने मोठ्या डॉक्टरांकडे गेले. तक्रारीतलं मावशींचं नाव खोडून स्वतःचं लिहून आले.

"मावशी, उद्या या," ते घसा खाकरत म्हणाले. मग डोळे बारीक झाले. "पण रोज दिवे बघता म्हणजे... आणखी काय काय बघता?"