बाहेरचा पत्ता

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत गाडीवाले एकाच खेपेत जमेल तेवढा कापूस कोंबायचे. माझा दादा त्यातलाच. गाडीवर चढून कापूस तुडवता तुडवता तो खाली पडला, डोक्यावर. पुसदच्या ज्या खासगी दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचे, तिथंच त्याला आणलं.

स्कॅन झालं. डोक्यात रक्त साकळलेलं दिसत होतं. आमचे डॉक्टर म्हणाले, "नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो पाहिल्याशिवाय मी काही ठरवत नाही. ऑपरेशन लागणार असेल तर इथं ठेवणं धोक्याचं, आणि नसेल तर त्या रस्त्यावरून नेणं धोक्याचं." मग माझ्याकडे वळले. "त्यांना तिथून दिसेल असं कर."

जणू पंखा लावायला सांगितला! स्कॅनचे फोटो दवाखान्यातल्या सर्व्हरवर असायचे आणि आमच्या चार भिंतींच्या आतच उघडायचे. मेलमध्ये ते मावेनात. मार्ग एकच राहिला. राऊटरला सांगायचं, की बाहेरून अमुक नंबरच्या दारावर कोणी आलं तर त्याला या सर्व्हरकडे सोड.

सांगितलं. मग इंटरनेटवर दवाखान्याचा जो आकड्यांचा पत्ता असतो, तो माझ्याच कॉम्प्युटरवर टाकून पाहिला. काही उघडेना. सगळं पुसलं, नव्यानं भरलं. तरी उघडेना. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"झालं का वो ताई?"

"आत्ता काही विचारू नको!" मी खेकसले. ती मागं सरली आणि मला माझाच राग आला.

मग एकदम लक्षात आलं, की मी आत बसून बाहेरचं दार ठोठावत होते. आमच्या राऊटरला ते चालत नव्हतं. बघायला बाहेरचंच माणूस हवं. बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेवाल्या भाईजानला फोन करून पत्ता सांगितला.

"खुल गया ताई! पासवर्ड मांगून राह्यलं."

नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला, एकेक आकडा सांगितला, पासवर्ड सांगितला. "उघडतंय," ते म्हणाले. आणि लाइट गेली.

भारनियमन! त्याचं वेळापत्रक माझ्या टेबलासमोरच चिकटवलेलं होतं आणि मी ते साफ विसरले होते. सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू राहिला, राऊटर मात्र बंद पडलं. इन्व्हर्टरचा एकुलता एक मोकळा म्हणावा असा सॉकेट काउंटरजवळ होता, आणि त्यात गणपतीच्या फोटोपुढचा दिवा लावलेला. तो कधीही विझू द्यायचा नाही, असा डॉक्टरांच्या आईंचा हुकूम. पेशंटची माणसं त्याच्यापुढे हात जोडून बसत. दिवा आहे तोवर आपलं माणूस आहे, असं धरून चालत. मी मनातल्या मनात माफी मागितली आणि प्लग उपटून राऊटरचा लावला.

राऊटर सुरू झालं, पण नागपूरहून डॉक्टर वैतागून म्हणाले, "अहो, काही येत नाही." येणार कसं? आमचं कनेक्शन साधं होतं; राऊटर बंद होऊन चालू झालं की दवाखान्याचा पत्ताच बदलायचा. सर्व्हरवर बसून नवा पत्ता शोधला, पुन्हा एकेक आकडा सांगितला. घाईत एक चुकला, तो सुधारला. मग पलीकडून माऊसची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

तेवढ्यात काउंटरकडून किंकाळी आली. वहिनीला विझलेला दिवा दिसला होता.

"दिवा काहून विझला? मले काहून नाही सांगितलं कोणी?" ती भुईवर बसली आणि कपाळ बडवायला लागली.

फोन हातात घेऊन मी धावले. "प्लग मीच काढला वो वहिनी! दादा हाये, आत झोपला हाये!" मी ओरडत होते, तिच्या कानात काहीच शिरत नव्हतं.

"फोटो पाहिले मी," फोनमधून आवाज आला.

"साहेब, त्याच्या बायकोलाच सांगा," मी म्हणाले आणि फोन तिच्या कानाला लावला.

"बाई, रक्त थोडंच आहे. ऑपरेशन नको. त्याला तिथंच राहू द्या, बरा होईल."

वहिनीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"साहेब, अजून एकडाव सांगा न."