सार्जंट प्योंचे खराटे

लग्नाच्या एकोणीस वर्षांत आमच्या ह्यांनी मला अकरा घरं दाखवली आणि एकाही घराच्या भिंतीत खिळा ठोकू दिला नाही. "कशाला? बदली आली की उपटावाच लागेल," हे ठरलेलं उत्तर. हे म्हणजे सार्जंट प्यो जोंगदू. दक्षिण कोरियातल्या इंजेच्या डोंगरात एका लष्करी छावणीत असतात. तिथे कंपनी कमांडर कागदावर सह्या करतो. गळका नळ, वाढलेलं गवत, जेवणातली संपत आलेली किमची, म्हणजे कोबीचं लोणचं, आणि मैत्रीण सोडून गेली म्हणून जेवत नसलेला शिपाई, हे सगळं ह्यांच्या गळ्यात.

दर वर्षी थंडीआधी हे शिपायांना डोंगरात नेऊन काटक्या तोडायला लावतात आणि खराटे बांधून घेतात. सरकारी प्लॅस्टिकचे खराटे भांडारात पडून. "त्यांनी ओला बर्फ हलत नाही," म्हणे. पोरं पाठीमागे ह्यांना नावं ठेवतात आणि सक्तीची सेवा संपवून घरी गेली की दर नव्या वर्षाला न चुकता फोन करतात. दोन खराटे आमच्या गाडीच्या डिकीत कायमचे, त्यामुळे माझ्या पिशव्या मांडीवर.

गेल्या डिसेंबरात मी मात्र हट्टाला पेटले. माझ्या धाकट्या भावाने, योंगबेने, वोंजू शहरात तळलेल्या कोंबडीचं दुकान काढलंय. "दाजी, भागीदार व्हा," म्हणून मागे लागला होता. वर राहायला दोन खोल्या, कायमच्या. मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज द्यायचा शेवटचा दिवस सोमवार होता.

"शनिवारी दुकानात काम करून बघा," मी म्हटलं. "सोमवारी अर्ज द्या."

हे लगेच हो म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी त्या अर्जासोबत आणखी एक कागद आला. नोकरीतल्या समाधानाचा सरकारी फॉर्म, निनावी. ह्यांचं अक्षर ह्यांनाच लागत नाही, म्हणून असले फॉर्म मीच भरते.

"नोकरीत समाधानी आहात का? एक ते पाच."

"तीन कर."

"तीनच का?"

"एक केलं तर समजूत घालायला बोलावतात. पाच केलं तर कामं वाढतात. मी कायम तीनच करतो."

मी पेन्सिलीने तीनवर गोल केला.

शनिवारी दुकानातला पहिला फोन ह्यांनी उचलला.

"संदेश गुप्त ठेवा! सार्जंट प्यो जोंगदू बोलतोय!"

छावणीत फोन असाच उचलतात. गिऱ्हाइकाने मुकाट्याने ठेवून दिला.

"अहो दाजी, कोंबडी विकायचीय आपल्याला!" योंगबे कळवळला.

दुसऱ्या फोनवर कुणीतरी दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं ते विचारलं. "ही माहिती फोनवर देता येत नाही," असं बाणेदार उत्तर गेलं. मग योंगबेने ह्यांना कढईपाशी उभं केलं. तिथे एकही तुकडा करपला नाही, पण चेहरा दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखा.

तीनच्या सुमाराला बर्फ सुरू झाला. मी वळून बघते तर कढईपाशी कुणी नाही. हे बाहेर. एप्रन तसाच, हातात डिकीतला खराटा. दुसरा खराटा शेजारच्या औषधवाल्याच्या हातात दिलेला, तांदळाच्या वड्या विकणारी म्हातारी फावडं घेऊन तयार.

"डावीकडून! एका रेषेत! आजी, तुम्ही नका हो, तुम्ही चहाचं बघा!"

मधेच छावणीत फोन. "खराटे काढले का रे? पोरांचे हातमोजे कोरडे आहेत का, आधी ते बघ." कान लाल झालेले आणि माणूस मोठमोठ्याने हसत होता. मला राग आला. ते दोन खोल्यांचं घर माझ्या डोळ्यांदेखत हातचं जात होतं. आणि त्याच क्षणी हा माणूस मला फार आवडला, तेही सांगून टाकते.

परतताना गाडीत हे म्हणाले, "हारिनच्या आई, सोमवारी अर्ज देतो. तुला फार फिरवलं मी." ते मनापासून बोलत होते. म्हणून तर मला रडू आलं.

रविवारी मी लेकीला विचारलं, वोंजूला जायचं का. हारिन म्हणाली, "सहावी शाळा चालेल मला. पण बाबा दिवसभर घरी नकोत. ते वरच्या खोलीत कवायत घेतील."

सोमवारी सकाळी हे गणवेश घालून दारात बूट बांधत होते. मी पाकीट दिलं. ह्यांनी उघडून पाहिलं. आत एकच कागद होता. तीनवरचा गोल खोडलेला आणि पाचवर पेनाने ठसठशीत केलेला.

"हे पाच कुणी केलं?"

"फॉर्म निनावी आहे. विचारायचं नसतं."

"आणि अर्ज?"

"फाडला."

मग ह्यांची नजर माझ्या मागच्या भिंतीवर गेली. तिथे मी पहाटेच एक खिळा ठोकून आम्हा तिघांचा फोटो लावला होता.

"बदली आली की उपटावा लागेल," हे हळूच म्हणाले.

"मग उपटा. बाराव्या घरात पहिलं काम तेच करायचं. खिळा ठोकायचा."

"हो, साहेब," म्हणाले आणि मला खाडकन सलाम ठोकून कामावर गेले.