दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

माझा भाऊ फिन्टन जन्मात एकदाच मूर्खपणा करून बसला, पण असा केला की तो त्याला तीस वर्षं पुरला.

आमचं शेत आयर्लंडमधल्या रॉसलेअर बंदराच्या वरच्या अंगाला आहे. स्ट्रॉबेरी आणि बटाटे. शेताच्या टोकाला उभं राहिलं की फ्रान्सला जाणारी बोट धक्का सोडताना दिसते. बोटीचा भोंगा झाला की फिन्टन हातातलं काम टाकायचा, कंबर सरळ करायचा आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत तसाच उभा राहायचा. गावाला वाटायचं, कंबर धरली असेल बिचाऱ्याची. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले, तेव्हा मलाही तेच वाटलं. मी त्याला चोळायला मलम आणून दिलं. त्याने ते निमूटपणे चोळलंसुद्धा.

माणूस म्हणाल तर सोनं. कुणाचा पंप बंद पडला, कुणाची गाय अडली, की फिन्टनला हाक. काम झालं की घरचे म्हणणार, बस, चहा घे. हा म्हणणार, नको नको, निघतो आता. ते म्हणणार, अरे, घोटभर. हा म्हणणार, छे, उगाच त्रास कशाला. तिसऱ्यांदा म्हटलं की मग टोपी काढून बसणार आणि केकचा शेवटचा तुकडा संपल्याशिवाय उठणार नाही. यात त्याचं एकट्याचं काही नाही, आमच्याकडे सगळ्यांचंच असं आहे. पहिल्या बोलावण्याला हो म्हणेल तो हावरा, दुसऱ्याला म्हणेल तो उतावळा. आग्रह झाल्याशिवाय आमच्यात कुणी बिस्किटालाही हात लावत नाही. आईने आम्हाला चालायच्या आधी हेच शिकवलं असणार.

यंदा जुलैत मी रस्त्याकडेच्या आमच्या स्टॉलवर बसले होते. फ्रान्सच्या नंबरची एक गाडी थांबली. आतून एक तरतरीत पोरगी उतरली आणि फळीवर रंगवलेलं आमचं आडनाव वाचत राहिली. मग म्हणाली, तुम्ही सिनट का? माझी आई तरुणपणी इथे स्ट्रॉबेरी तोडायला यायची. सोलांज तिचं नाव.

मला सोलांज अंधूक आठवली. मी तेव्हा नवी नवी लग्न होऊन डब्लिनला होते, त्यामुळे तिला एक-दोनदाच पाहिलेली. उंच, फिन्टनपेक्षाही उंच, आणि वाफ्यात बसून इतकं बेसूर गायची की कावळे उडून जायचे. इंग्रजी शिकायला एक उन्हाळा आमच्याकडे राहिली होती. ही तिची मुलगी, ओरेली. बाप चार वर्षांपूर्वी वारला, आई एकटीच द्राक्षमळा सांभाळते, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, पोरी, ही टोपली घे. तिने थँक्यू म्हणून लगेच घेतली आणि तिथेच खायला लागली. मी बघतच राहिले. बाहेरची माणसं, त्यांचं असंच असायचं.

खाता खाता ती हसत म्हणाली, "आई अजून सांगते, इथल्या एका मुलाला ती म्हणाली होती, द्राक्षं तोडायला आमच्याकडे चल. तो नको म्हणाला."

"किती वेळा विचारलं होतं तिने?" मी म्हटलं.

पोरगी गोंधळली. "किती वेळा म्हणजे? एकदा."

मी कपाळाला हात लावला. तो मुलगा कोण हे सांगायला मला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. मी त्या पोरीला खाली बसवलं आणि आमच्याकडचा सगळा आग्रहाचा कारभार समजावून सांगितला. पहिलं नको म्हणजे काहीच नाही, दुसरं नको म्हणजे जवळजवळ हो, तिसऱ्यांदा विचारलं की खरं उत्तर येतं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग घरचा पत्ता लिहून दिला, मला मिठी मारली आणि गेली.

त्या संध्याकाळी बोटीचा भोंगा झाला आणि फिन्टन कंबर सरळ करून उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, सोलांजची पोरगी आली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बोटीकडेच बघत राहिला.

"मला वाटलं, ती परत विचारेल," तो म्हणाला.

"मग?"

"मग भोंगा झाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत शेताच्या टोकाला उभा होता, आणि मी त्याला मलम चोळायला देत होते! मी म्हटलं, सप्टेंबरात आपण गाडी घेऊन सोलांजकडे जायचं. तो म्हणाला, छे, नको. मी म्हटलं, जायचं. तो म्हणाला, शेताचं कोण बघणार. मी म्हटलं, लोर्कन बघेल, चुलतभाऊ आहे कशाला, चल. तेव्हा म्हणाला, बरं, तू एवढं म्हणतेसच तर.

आम्ही निघालो. गाडीत बटाट्याचं पोतं, स्ट्रॉबेरीचा जॅम, दोन महिने पुरेल एवढा चहा आणि आईची चर्चमधल्या तीर्थाची बाटली. बोटीच्या पोटात गाडी लावून वर आलो. सगळे प्रवासी पुढच्या बाजूला, आणि आमचा पठ्ठ्या मागच्या कठड्याला. तिथून आमचं शेत पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं. "इथून एवढंसं दिसतं होय," तो म्हणाला. "त्या दिवशी धक्क्यावरून धावत शेतावर येऊन उभा राहिलो होतो, तिला मी दिसलोच नसणार."

शेर्बुर्गला उतरल्यावर खरा तमाशा सुरू झाला. तिकडे सगळं रस्त्याच्या उजवीकडून. आमच्या गाडीचं स्टिअरिंगही उजवीकडेच, त्यामुळे मी डावीकडे बसलेली आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रक माझ्या कानाजवळून जायचा. पुढे काढायचं की नाही हे मी बघून सांगायचं. टोलनाक्यावरचं यंत्रही माझ्याच बाजूला. मी अर्धी खिडकीबाहेर लोंबकळत होते आणि हा शांतपणे, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करत होता. कुणी परत करेना. शेवटी काळजीने विचारलं, "डिम्फना, हे लोक आपल्यावर रागावलेत का गं?"

पहिला मुक्काम एका शेतकऱ्याच्या घरी होता. बाईने ससा असा काही शिजवला होता की बोटं चाटत राहावीत. फिन्टनची थाळी चाटूनपुसून साफ. बाईने पातेलं पुढे करून विचारलं, आणखी? हा म्हणाला, नको नको, पोट भरलं. बाई मान हलवून पातेलं घेऊन आत गेली. त्याचं तोंड तुम्ही बघायला हवं होतं. तो दाराकडे बघत राहिला. पातेलं येईल, पातेलं येईल. पातेलं कसलं येतंय, आतून भांडी घासल्याचा आवाज आला.

मी आधी पोट धरून हसले. मग माझं हसू एकदम थांबलं. जे इथे सशाचं झालं तेच तिथे व्हायचं. सोलांजने समजा पुन्हा विचारलं, चल, राहतोस का, आणि या बाबाने सवयीने नको म्हटलं, तर पुन्हा भोंगा होणार आणि पुन्हा हा शेताच्या टोकाला उभा राहणार. तिसाची साठ वर्षं होतील. आता एकच काम, ती भेटायच्या आत याच्या तोंडात 'हो' बसवायचं.

सकाळपासून शिकवणी सुरू केली. मी गाडीत विचारायचे, फिन्टन, बिस्कीट? तो म्हणायचा, नको, तूच खा. मी ते त्याच्यासमोर खाऊन टाकायचे. पालथ्या घड्यावर पाणी. लुआर नदी ओलांडेपर्यंत मी अख्खा पुडा संपवला आणि माझीच तब्येत बिघडायची वेळ आली. मग एका सावलीच्या वळणावर मी हॅमचं सँडविच काढलं, त्याच्या नाकाखालून फिरवलं आणि विचारलं, हवं? त्याचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले. "हो," तो म्हणाला, एखादं पाप कबूल करावं तसा. मी गाडी थांबवायला लावली आणि त्याच्या डोक्यावर आईचं तीर्थ शिंपडलं.

त्यानंतर गडी जो सुटला तो आवरेना. लिमोजच्या पुढे पेट्रोल पंपावर त्या माणसाने फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. फिन्टनने छाती पुढे काढून हो म्हटलं. त्याने आणखी काही विचारलं, हा पुन्हा हो. थोड्या वेळाने आमची गाडी धुवून, पॉलिश करून, आत गुलाबाचं अत्तर मारून परत आली. बटाट्यांनाही वास लागला. मी बडबड बडबड केली. तो म्हणाला, "तूच म्हणालीस ना, हो म्हणायचं." आणि गुणगुणत गाडी चालवायला लागला. फिन्टनला गुणगुणताना मी लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. खोटं कशाला सांगू, मलाही सुचेल ते गाणं म्हणावंसं वाटलं.

दक्षिणेला डोंगर निळे दिसायला लागले आणि दोन्ही बाजूंना द्राक्षमळे सुरू झाले. एक म्हातारा ट्रॅक्टरवरून येत होता. फिन्टनने बोट उचललं. म्हाताऱ्यानेही उचललं. फिन्टन मला म्हणाला, "आलो बघ आपण."

सोलांज अंगणातच होती. केस पांढरे, बोटं द्राक्षांनी जांभळी झालेली, उंची तेवढीच. फिन्टनने टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला. ती जवळ आली, त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आम्हाला सैपाकघरात नेलं. ओरेली तिथेच होती, माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. तिचं काय चाललंय ते मला तेव्हा कळलं नाही. सोलांजने चुलीवरचं भांडं उचललं आणि विचारलं, फिन्टन, कॉफी घेणार?

"नको नको," माझा शहाणा भाऊ म्हणाला, "उगाच त्रास कशाला."

एवढा रस्ता, एवढी बिस्किटं, सगळं मातीत! सोलांजने भांडं परत चुलीवर ठेवलं आणि पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"कॉफी घेणार?" ती वळून म्हणाली.

"छे, खरंच नको."

"घोटभर?"

"बरं, तुझा एवढा आग्रह असेल तर," फिन्टन म्हणाला आणि बसला. मग त्याच्या ध्यानात आलं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. तीही डोळे पुसत होती. ओरेलीने घरी परतल्या परतल्या आईला सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून सोलांज आल्यागेल्याला तीन-तीनदा विचारून सराव करत होती म्हणे. शेजाऱ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

तिने कॉफी ओतली, त्याच्यासमोर बसली आणि एक बोट वर केलं. "उद्यापासून तोडणी आहे. द्राक्षं तोडायला येतोस?"

"हो," फिन्टन म्हणाला. तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

सोलांजचं बोट तसंच वर राहिलं. "थांब, अजून दोनदा विचारायचं राहिलंय माझं."

"ते दोन राखून ठेव," तो म्हणाला. "तोडणी संपली की लागतील."

हे माझा भाऊ बोलला! ज्याने उभ्या जन्मात कुणाला किती वाजले एवढंही नीट विचारलं नव्हतं, तो. सोलांज लाल झाली. मी खाली बघून कॉफी ढवळत बसले, साखर घातलेली नसताना.

मग सोलांज माझ्याकडे वळली आणि म्हणाली, डिम्फना, तूही राहा ना. मी म्हटलं, नको गं बाई, घरी कोंबड्या आहेत. आणि थांबले. कुणी काही बोलेना, दोघं एकमेकांकडेच बघत बसलेली. शेवटी फिन्टन म्हणाला, "तिला अजून दोनदा विचारा, नाहीतर तीस वर्षं रुसून बसेल."

तोडणी संपेपर्यंत मी राहिले. मग त्या दोघांनी मला शेर्बुर्गपर्यंत आणून सोडलं, कारण गाडी बोटीत चढवता येते, पण उजवीकडून एकटीने चालवणं माझ्याच्याने होणार नव्हतं. त्या राखून ठेवलेल्या दोन वेळा केव्हाच खर्ची पडल्या होत्या. उत्तर काय आलं ते सांगायला नकोच, नाताळानंतर लग्नाला चर्चमध्ये जायला मी नवी टोपी घेतली आहे.

बोट रॉसलेअरला लागत होती तेव्हा मी पुढच्या कठड्याला जाऊन उभी राहिले. भोंगा झाला. वर आमचं शेत दिसलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. मी डोळे ताणताणून बघितलं. शेताच्या टोकाला कुणीही उभं नव्हतं.