आत्याबाईंचे गुडघे आणि ओहोटी

आमच्या घरात ट्रिप संपली की तिचे किस्से सुरू होतात. आधी कुणाच्या तरी साखरपुड्यात सांगून होतात, मग नामकरणात, मग गृहप्रवेशात. दर वेळी माझा दीर त्यात थोडी भर घालतो. परवा तर त्याने आमच्या तंबूवर चक्क वादळ आणलं! मी तिथेच होते हो. वारा होता, वादळ नव्हतं. म्हटलं, हे फार साचायच्या आत आपणच खरं काय ते सांगून टाकावं. मी नर्स आहे, केसपेपरवर असेल तेवढंच बोलायची सवय आहे.

माणसं मोजून पाच. एक मी, माहेर देऊळगाव राजा. माझे मिस्टर शाळेत गणित शिकवतात. घरात काही शिकवायला गेले तर कुणी ऐकत नाही. धाकटा दीर प्रशांत पुण्याला कंप्युटरवर असतो आणि सुट्टी मिळाली की पाठीवर बोचकं टाकून गडावर जातो. लेक मुक्ता, सातवीत. आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या डोणगावच्या. सगळी उमर लोकांच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला आणि दोन पोरं शिकवली. आता चिखलीत आमच्याजवळ असतात.

* * *

तर, एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "आजी, दोन्ही गुडघे बदलावे लागतील." संक्रांतीनंतरची तारीखही दिली.

घरी आलो. चहा हातात आला तेव्हा आत्याबाई बोलल्या, "हे पाय जिथं गेले तिथं कामालेच गेले. वावरात, नाहीतर पाण्याले. बदलाच्या आधी एक डाव त्याइले नुस्तं फिराले न्याचं हाय."

"कुठे?"

"मुक्ता म्हणे, समुद्र मागं सरकते अन् माणसं त्याच्या बुडातून चालत जातात. तिथं."

मुक्ताने मोबाइलवर दाखवलं होतं. गुजरातेत जामनगरकडे समुद्रकाठचं राष्ट्रीय उद्यान आहे. ओहोटीला पाणी मागे गेलं की ओल्या खडकांतून दोनेक किलोमीटर चालत पार प्रवाळापर्यंत जाता येतं. प्रशांत तर उडालाच! "तंबू माझ्याकडे आहेत, कॅम्पिंगच करू!"

मी म्हटलं, मुळीच नाही. आमच्या घरात गुडघ्यांची इन्चार्ज मी. शेवाळावरून बाई घसरली तर गुडघे राहतील बाजूला, खुबा बसवायची पाळी यायची.

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "मंग तू नको येऊ."

मी रजेचा अर्ज टाकला.

* * *

पण अट घातलीच. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी नांगरलेलं एक वावर होतं, ओळखीच्यांचं. म्हटलं, ह्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत ढेकळांतून न थांबता जायचं आणि यायचं. मी सोबत चालणार, चेहरा बघणार आणि तिथेच निकाल देणार.

आत्याबाईंनी लुगडं वर खोचलं आणि चालायला लागल्या. घाई नाही, थांबणं नाही. मी वॉर्डात दिवसभर पळणारी बाई, पण परतीच्या निम्म्यावर माझ्या छातीचा भाता झाला. आत्याबाई मागे वळून म्हणाल्या, "थांबू काय व? तुही अट हाय म्हून इचारलं!"

निकाल द्यावाच लागला. घरी आल्यावर मात्र त्यांना आमच्या जीपमधून उतरता येईना. दोन्ही गुडघे सुजून टम्म. मी बर्फ लावत लावत चिडले, "हे काय हो?"

"हे अटीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

* * *

समुद्रावर जाताना घरून पाणी घेऊन जाणारं दुसरं कुटुंब मला अजून भेटलेलं नाही. पण चिखलीचा माणूस असाच वागणार. आमच्याकडे नळ कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे भरलेली कॅन दिसली नाही की जीव थाऱ्यावर राहत नाही. आत्याबाईंनी जीपमध्ये सहा कॅन चढवल्या. वरून पऱ्हाटीचा एक भारा! म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. "तिथं सरपण भेटलं नाही तं?"

प्रशांत डोक्याला हात लावून म्हणाला, "आई, समुद्रावर चाललो आपण. समुद्रावर!"

"हाव ना. प्याले काय घेतलं तू?"

त्याने नळी लावलेली, केशरी रंगाची बाटली दाखवली. आत्याबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि मुक्ताजवळ दिली. खेळायला.

दोन दिवसांचा प्रवास करून पोचलो. उद्यानाच्या हद्दीबाहेर तंबू लावायला मोकळी जागा होती, आणखी चार-पाच कुटुंबं होती. प्यायचं पाणी टँकरने यायचं. त्या दिवशी टँकर वाटेत कुठेतरी बंद पडला. दुपारपर्यंत सगळी जनता रिकाम्या बाटल्या घेऊन आमच्या जीपमागे रांगेत! आत्याबाई एका कॅनवर बसून दुसरीतून पाणी सोडत होत्या आणि वर दम देत होत्या, "एकाले एक बाटली. पाय धुवाले समोर हाय तेवढं!"

रांगेत सगळ्यात शेवटी केशरी बाटली होती.

* * *

पाणीवाटप संपल्यावर आत्याबाई पहिल्यांदा समुद्रावर गेल्या, तेव्हा भरती होती. आम्ही सगळे मोबाइल घेऊन तयार, आता बाई काय बोलणार म्हणून. बाई सरळ पाण्यापर्यंत गेल्या. मग वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"अवं बाई! कोणाच्या हातून सांडलं हे एवढं मीठ?"

मग लगेच कामाचं विचारलं, हे मागं कधी सरकते म्हणून. तिथे आमचे गाईड करसनभाई उभे होते. जवळच्याच गावचे, उभं आयुष्य त्या खडकांत गेलेलं. त्यांनी आत्याबाईंची डुलत डुलत चालायची ढब पाहिली आणि अदबीने म्हणाले, "माजी, आप किनारे से देखना. अंदर पत्थर बहोत हैं."

आत्याबाईंचं हिंदी आमच्या बाजाराचं, पण अडत नाही. म्हणाल्या, "भाऊ, पत्थर तो हमारे वावर में भी हैं. समुंदर नहीं है."

करसनभाई रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "कल ग्यारह बजे. जूते पहन के आना."

* * *

आता ते वादळ. म्हणजे वारा.

प्रशांतने तंबू ठोकायचा रीतसर कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे. पण त्या संध्याकाळी वारा सुटलेला, वाळू भुसभुशीत, खुंट्या काही धरेनात. एक ठोकली की दुसरी बाहेर. तंबू एकदा माझ्या अंगावर आला, एकदा मिस्टरांच्या. मिस्टर कोन मोजायला लागले! शेजारच्या कुटुंबाचा तंबू तर उडत उडत बाभळीला जाऊन अडकला.

आत्याबाई पऱ्हाटीच्या भाऱ्यापाशी बसल्या होत्या. इथे जाळ करायला बंदी आहे, हे त्यांना नुकतंच कळलं होतं आणि त्यांचा मूड गेला होता. थोडा वेळ त्यांनी तमाशा पाहिला. मग भारा सोडला, त्याच्या चार पेंढ्या केल्या, प्रत्येकीच्या कमरेला दोरी बांधली. "खड्डे कर," प्रशांतला म्हणाल्या. पेंढ्या खड्ड्यात आडव्या टाकल्या, वरून वाळू ढकलली, पायाने दाबली आणि दोऱ्या तंबूला ओढून बांधल्या. भुसभुशीत जमिनीत गोऱ्हा असाच बांधतात म्हणे.

तंबू हलला नाही. शेजारचे लोक येऊन फोटो काढून गेले.

प्रशांत हळूच म्हणाला, "वहिनी, कोर्समध्ये अगदी हेच शिकवलं होतं. ऐनवेळी आठवलं नाही."

"सर्टिफिकेट आईच्या नावावर करून घे," मी म्हटलं.

* * *

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चालायच्या दिवशी, सकाळी उठून पाहते तर आत्याबाई किनाऱ्यावर. पांढरं लुगडं, मांडी घातलेली, डोळे मिटलेले. रोज सकाळी त्या बुद्धवंदना करतात, त्यात नवल काही नाही. नवल त्यांच्या मागे होतं. तंबूंतली शहरातली मंडळी एकेक करत येऊन त्यांच्या पाठीमागे रांगेत बसली होती! कुणी ट्रॅकसूटमध्ये, कुणी चटई घेऊन. सगळ्यांचे डोळे मिटलेले. एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, "काय शांतता आहे ना चेहऱ्यावर! बरोबर अर्धा तास झाला, हललेल्या नाहीत."

मी जवळ गेले. आत्याबाईंनी एक डोळा किंचित उघडला आणि ओठ न हलवता बोलल्या, "वंदना केव्हाच झाली. गुडघे अडकले. उठता येऊन नाही राह्यलं. हात दे."

मी हात दिला, कमरेला आधार दिला. त्या उठल्या तशी मागची सगळी मंडळी उठली आणि हात जोडून उभी राहिली. आत्याबाईंनीही हात जोडले, "जयभीम, जयभीम," आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून तंबूकडे निघाल्या.

आत गेल्यावर मात्र त्यांनी माझा दंड धरला. "पोराइले सांगू नको. त्या गाईडलेही नको सांगू."

खरं सांगते, मी नर्स. हे लपवणं चूकच. पण त्या बाईने आयुष्यात मला पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी तेल चोळलं, दोन्ही गुडघ्यांना क्रेप बँडेज गुंडाळलं आणि बाहेर येऊन मिस्टरांना म्हटलं, "आत्याबाई तयार आहेत."

* * *

अकराला पाणी मागे गेलं. कालचा समुद्र कुठे गेला कळेना! नजर जाईल तिथवर काळे खडक, मध्ये मध्ये पाण्याची डबकी. आत्याबाईंनी मुक्ताचे जुने, शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. करसनभाईंनी सगळ्यांना नियम सांगितला. मध्ये वाळूचा एक उंचवटा लागतो, पाणी तिथे सगळ्यात शेवटी चढतं. ज्याला पुढे जमणार नाही त्याने तिथे थांबायचं. आणि शिट्टी वाजली की जिथे असाल तिथून मागे फिरायचं.

हे सांगताना ते आत्याबाईंकडेच बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो.

मुक्ता पुढे, एकेका डबक्यात डोकावून ओरडतेय, "आजी, ऑक्टोपस! आजी, खेकडा!" आजी काठी टेकत, प्रत्येक पाय चाचपून टाकत. आणि मी त्यांच्या मागे. माझी नजर त्यांच्या गुडघ्यांवर. डावा लचकतोय का, उजवा थरथरतोय का, दुसरं काही बघतच नव्हते.

म्हणून घसरले कोण? मी!

उंचवट्यापाशी पोचतच होते, तेवढ्यात पाय शेवाळावर गेला, घोटा फिरला आणि मी बदकन खाली. उठायला गेले तर डोळ्यांपुढे काजवे. मिस्टरांनी आणि प्रशांतने धरून मला उंचवट्यावर बसवलं. घोटा बघता बघता लिंबाएवढा झाला. मिस्टर म्हणाले, "झालं आता. चला सगळे मागे." प्रशांतने मान हलवली. मुक्ताने मुकाट्याने आजीचा हात धरला.

माझ्या मनात आलं, घालवलं आपण! महिनाभर ह्या बाईला नाही नाही म्हटलं आणि शेवटी आपणच आडवे आलो. आत्याबाई मागे फिरणार हे मला ठाऊक होतं. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी माझ्या उशाशी बसून काढलेले दिवस मी विसरलेले नाही. कुणी पडलं आणि ही बाई पुढे गेली, असं मी लग्न होऊन आल्यापासून एकदाही पाहिलेलं नाही. मला रडूच आलं.

आत्याबाई काठी टेकत माझ्याजवळ आल्या. वाकून घोटा दाबून पाहिला.

"मोडलं?"

"नाही हो. मुरगळलंय."

"चक्कर येते?"

"नाही."

त्यांनी करसनभाईंना विचारलं, "भाऊ, पानी कब आता?"

"अभी पौना घंटा है, माजी."

आत्याबाईंनी थोरल्या लेकाकडे पाहिलं. "तू हिच्यापाशी बस." मग माझ्या डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "मी जाऊन येतो."

आणि गेल्या!

मिस्टर तोंड उघडं टाकून बघत राहिले. मला राग यायला हवा होता. मी त्या वाळूवर बसून टाळ्या वाजवल्या! पुढे करसनभाई, मागे प्रशांत, मुक्ताच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हातात काठी. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. पांढरे बूट बारीक बारीक होत गेले. पार टोकाला, पाणी सुरू होतं तिथे त्या थांबल्या. काठी मुक्ताकडे दिली आणि कमरेवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. किती तरी वेळ.

शिट्टी वाजली. त्या परत आल्या तेव्हा बूट, बँडेज, लुगड्याचा काठ, सगळं ओलं. चेहरा घामाने चमकत होता. मिस्टर काय काय विचारत होते, मुक्ता तीन-तीन गोष्टी एकदम सांगत होती. मला आधी एकच सुचलं.

"आत्याबाई, गुडघे दुखले का हो?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"म्या इचारलंच नाही त्याइले!"