म्यानातला नवरा

सुतियेमच्या लग्नाला नवरा आला नाही, नवऱ्याचा केरिस आला. पर्तोमो मालवाहू जहाजावर होता. वादळामुळे त्याला सुराबायाला पोचायला उशीर होणार होता आणि सासरा मुहूर्त टळू द्यायला तयार नव्हता. मग रीतीप्रमाणे त्याचा नागमोडी खंजीर पिवळ्या कापडात गुंडाळून तिच्या शेजारी बसवला. पाहुणे जेवून गेले. जहाज मात्र आलंच नाही. ना माणूस, ना मढं.

घरातली जुनी माणसं म्हणत, केरिस मालकाची खबर ठेवतो. मालक गेला की पातं गंजतं. सुतियेमनं हे मनाशी घट्ट धरलं. दर गुरुवारी बाजारातून टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकून आली की ती केरिस कपाटातून काढायची, म्यान हलकेच वर ओढायची आणि पात्याला चंदनाचं तेल चोळायची. इतरांचे केरिस वर्षातून एकदा, सुरो महिन्यात न्हातात आणि तेल पितात. हिचे लाड दर आठवड्याला. शेजारणी चिडवायच्या, "खऱ्या नवऱ्याला कुणी एवढं चोळत नाही गं!" तीही हसायची. कपाटात पातं खडखडलं की हातातलं काम टाकून म्हणायची, "आले हो." एवढाच तिचा संसार. केस पिकले, तरी पर्तोमोच्या नावानं मृताचं जेवण तिनं कुणाला घालू दिलं नाही.

यंदा पावसाळ्यात ती खडखड थांबली. मग एका गुरुवारी मुठीपाशी बोटाला खरखरीत लागलं. तिनं पातं दारात उजेडात नेलं. तांबडा डाग होता.

"वहिनी, आता तरी दादाला मोकळं करा," दीर विग्न्यो म्हणाला. "इतकी वर्षं उपाशी फिरतोय तो. मौलवींना सांगू का?"

"सांगा भावजी. पण असा डागाळलेला नको पाठवायला. आधी न्हाऊ घालून आणते."

गावातले केरिस धुणारे म्हातारे रेक्सोकाका कुणाची भीडभाड ठेवत नसत. त्यांनी पातं नारळाच्या पाण्यात भिजवलं, लिंबानं घासून पांढरं केलं. मग म्यानात काडी घालून पाहिली. ती काळ्या चिकट तेलानं माखून निघाली.

"किती तेल पाजलंस गं याला?"

"दर गुरुवारी, काका. चांगलं ओंजळभर."

"अगं वेडे! दोन थेंब लावायचे आणि तेही पुसून घ्यायचे. लाकूड तेल पिऊन फुगलं, पातं जखडलं, ओल आत कोंडली. गंजेल नाही तर काय!"

"म्हणजे... ते गेले नाहीत?"

"ते मला काय विचारतेस? मी लोखंडाचं सांगतोय."

सुतियेमला कळून चुकलं. डाग तेलाचा होता, तर इतक्या वर्षांची चमकही तेलाचीच होती. तो जिवंत आहे असं त्या पात्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिचं तीच ऐकत आली होती. तिला स्वतःचा असा राग आला की काकांनी दिलेलं दुसरं म्यान तिनं हिसकावूनच घेतलं.

घरी येऊन तिनं केरिस कपाटात ठेवला आणि जावेला सांगितलं, "भात चढव."

सांजेला चटया अंथरल्या. केळीच्या पानांवर भात, कोंबडी, आपेमची जाड धिरडी वाढली. सुतियेम आतल्या खोलीच्या दारात उभी होती. मौलवींनी मृत म्हणून पर्तोमोचं नाव घेतलं आणि तिच्या मागं कपाटात खडखड झाली.

विग्न्योच्या हातातला घास पानात पडला.

"म्यान बदललंय," सुतियेम म्हणाली. "सैल बसतंय."

पण बंद कपाटात ठेवलेलं लोखंड आपण होऊन हलत नाही, हे तिलाही कळत होतं. पुन्हा खडखड झाली, या वेळी जोरात. सवयीनं "आले हो" तिच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. ज्याच्यासाठी जन्म काढला, त्याची आज पहिल्यांदा तिला भीती वाटली.

"वाचा ना पुढं," ती मौलवींना म्हणाली आणि मागं न बघता तिनं दार ओढून घेतलं.