आजीचं माहेर

उपेंद्र सबनीस दुबईतल्या अल क्वोज भागात एका कंपनीत सोलर पंपांचं काम बघायचा. बर दुबईत छोटा फ्लॅट, बायको अर्चना, शाळेत जाणारी मुलगी ईश्वरी. माणूस अबोल, कामात चोख. २००१ साली कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी अमेरिकेत ॲरिझोनाला पाठवलं. तिथले मूळ रहिवासी असलेल्या नवाहो लोकांच्या वस्तीत एक पंप बसवायचा होता. ट्रेनरनं त्याला सोबत नेलं.

घर एल्सी बेगे नावाच्या म्हातारीचं. आजूबाजूला लाल माती, थोड्या मेंढ्या, दूरवर दुसरं घर नाही. दुपारपर्यंत पंप सुरू झाला. एल्सीनं सगळ्यांना मटणाचा रस्सा नि रोटी वाढली आणि उपेंद्रकडे बघून काहीतरी विचारलं.

तिची मुलगी इंग्रजीत म्हणाली, "तू कुणाचा, असं विचारतेय."

उपेंद्रनं नाव, देश, कंपनी सांगितली.

"ते नाही. आमच्यात आधी आईचं कूळ सांगतात. आईला ते तिच्या आईकडून आलेलं असतं."

वडिलांकडचं सगळं उपेंद्रला पाठ होतं, अगदी कुलदैवतापर्यंत. आईचं माहेर नाडकर्ण्यांचं, हेही माहीत होतं. पण आईची आई कुणाची? त्याला सांगता येईना. एल्सीनं त्याला आणखी एक रोटी वाढली.

दुबईत परतल्यावर त्यानं सावंतवाडीला फोन लावला.

"आई, आजीचं माहेर कुठलं?"

"का रे? काही धार्मिक कार्य काढलंयस का?"

"नाही, सहज."

"तेंडोलकर. माहेरचं नाव दुर्गा. मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं बघ."

फोन ठेवल्यावर अर्चना म्हणाली, "आणि माझ्या आजीचं?"

"पाटकर ना?"

"ते आईचं माहेर. आजीचं मलाही नक्की ठाऊक नाही. विचारायला हवं."

ईश्वरी टीव्हीसमोरून म्हणाली, "बट व्हाय डू यू नीड टू नो, बाबा?"

"तिथं मला उत्तर देता आलं नाही म्हणून," उपेंद्र म्हणाला.

मे महिन्यात रजा काढून तो आईला घेऊन आजीच्या माहेरी, तेंडोलीला गेला. विचारत विचारत घर सापडलं. आतून एक वयस्क बाई बाहेर आल्या. आईनं ओळख सांगितली. "दुर्गाआत्याची लेक?" असं म्हणून त्यांनी आईचा हात धरला आणि तिला थेट स्वयंपाकघरात नेलं. उपेंद्र बाहेर ओट्यावर बसून राहिला. आतून आईच्या हसण्याचा आवाज येत होता. इतकं मोठ्यानं हसताना त्यानं तिला फारसं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर गुडघे साथ देत होते तोवर आई दरवर्षी तिकडे जात राहिली. उपेंद्रला पुन्हा जमलं नाही. रजा मिळायची, पण ती नेमकी पावसाळ्यात, आणि आई जायची मे महिन्यात.