खरखरीत खुबा

औषधाच्या कारखान्यातल्या त्या कामगाराला मी एकदाच पाहिलं. आई गेल्यावर तिचा वॉकर महाडच्या दवाखान्यात द्यायला गेलो होतो. त्याच्या बायकोचा खुबा बदलायचा होता. डॉक्टरांनी दाखवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम खुब्याच्या नमुन्यावर तो संशयानं अंगठा फिरवत होता.

"खरखरीत हाय. जुना माल नाय ना? कारखान्यात आम्ही औषधाच्या टाक्या आतून आरशासारख्या ठेवतो, काय चिकटू नये म्हणून."

"इथं चिकटायलाच हवं," डॉक्टर म्हणाले. "हाडाच्या पेशी खरखरीत जागी जास्त घट्ट धरतात."

"आणि नाय धरलं तर?"

बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा पण असाच संशय. केलंत ना लगीन? करा सही."

त्याने संमतीपत्रावर सही केली. मी वॉकर पुढे केला, तेव्हा वॉकरच्या मुठींवरही त्याने अंगठा फिरवला. आईच्या हातांनी त्या गुळगुळीत झाल्या होत्या.